चालू खात्यातून परस्पर गेलेली रक्कम

(तालुक्यातील सहकारी संस्थांचे सचिव, प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



बँकेच्या नोकरीत माझी एकतीस वर्षे गेली. त्यांपैकी पहिली बारा-तेरा वर्षे अशी होती की, ग्राहकाच्या खात्यातून एक रुपया जरी बाहेर जायचा असला तरी कोणीतरी कागदावर सही करून तो कागद आमच्या खिडकीवर आणून द्यावा लागे. सहीचा नमुना ताडून पाहिल्याखेरीज रक्कम हलत नसे. पुढे हा क्रम बदलला. आता ग्राहक एकदाच संमती देतो आणि त्या संमतीच्या आधारावर दरमहा ठरलेल्या तारखेस रक्कम त्याच्या खात्यात परस्पर नावे पडते. वीजबिल, विम्याचा हप्ता, यंत्राच्या कर्जाचा हप्ता, दूरध्वनीचे देयक, सारे याच वाटेने जाते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु जी रक्कम जायला नको होती ती गेली तर काय करायचे, हा प्रश्न विचारला की, आपल्या संस्थांचे पदाधिकारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. आणि तेही व्यक्तीच्या बचत खात्याविषयी फारसे न बोलता, दुकान, लघुउद्योग किंवा सहकारी संस्था यांच्या चालू खात्याविषयी.

ही व्यवस्था चालते कशी, हे प्रथम थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात इलेक्ट्रॉनिक समाशोधन सेवा सुरू केली. 2008 साली मुंबईत भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे त्याने राष्ट्रीय स्वयंचलित समाशोधन गृह उभारले. बँकेतील लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नॅच' म्हणतात. यात चार पक्ष असतात: पैसे घेणारी कंपनी, त्या कंपनीची बँक, मध्ये समाशोधन गृह, आणि ज्याच्या खात्यातून पैसे जायचे त्याची बँक. या सर्व साखळीचा आधार म्हणजे ग्राहकाने सही केलेले अधिकारपत्र, म्हणजेच आपण बोलताना ज्याला मँडेट म्हणतो ते. त्यावर खाते क्रमांक, रक्कम, किती दिवसांनी वसूल करायची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असते. नोंदणी झाली की त्या अधिकारपत्राला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो.

या छापील कागदावर एक बारीकशी जागा आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. रक्कम 'निश्चित' की 'कमाल', असे तेथे विचारलेले असते. हप्ता आठ हजारांचा असला तरी 'कमाल' या शब्दापुढे पंधरा किंवा पंचवीस हजार लिहिलेले मी शेकडो वेळा पाहिले आहे. शेवटची तारीखही कर्ज फिटण्याच्या तारखेपुढे दोन-दोन वर्षे ढकललेली असते. कर्ज मिळण्याच्या आनंदात हे कोणी वाचत नाही. खरे सांगायचे तर आम्ही बँकेतले लोकही स्वतःच्या घराच्या कर्जावर सही करताना ते वाचत नव्हतो.

एका संस्थेची हकीकत

आमच्या शाखेत मसाला तयार करणाऱ्या एका महिला सहकारी संस्थेचे चालू खाते होते. संस्थेने दळण्याच्या यंत्रासाठी एका वित्तीय कंपनीकडून कर्ज घेतले होते. दरमहा 8,400 रुपयांचे छत्तीस हप्ते होते. ते एकही न चुकता फिटले, आणि शेवटचा हप्ता ऑगस्ट महिन्यात गेला. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या तीनही महिन्यांत मात्र त्याच कंपनीच्या नावाने 4,130 रुपये खात्यातून कमी होत राहिले. खातेउताऱ्यावर 'ए.सी.एच. डी.' अशी आद्याक्षरे आणि पुढे कंपनीचे अर्धवट तुटलेले नाव, एवढाच त्याचा खुलासा होता.

बँकेचा संदेश दर वेळी जात होता. परंतु तो जात होता संस्थेच्या आधीच्या कोषाध्यक्ष बाईंच्या भ्रमणध्वनीवर. त्या दोन वर्षांपूर्वीच पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. नव्या कोषाध्यक्षांची निवड झाली, ठराव झाला, सहीचे नमुने बँकेत बदलले गेले. फोनचा क्रमांक बदलायचे राहून गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हळदीच्या व्यापाऱ्याला दिलेला 31,000 रुपयांचा धनादेश शिल्लक अपुरी म्हणून परत गेला, तेव्हा सचिवबाई खातेउतारा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, हे पैसे कोणी नेले?"

मी संगणकावर पाहिले आणि म्हणालो, "बाई, मँडेटवर तुमच्याच संस्थेच्या सह्या आहेत. आम्ही काय करणार? कंपनीला विचारा."

हे उत्तर मी तोवर किती जणांना दिले असेन, त्याची मोजदाद नाही. त्यात खोटे असे काही नव्हते, पण ते अपुरे होते. संस्थेने सही केली होती ती यंत्राच्या कर्जाच्या हप्त्यांसाठी. कंपनी आता वसूल करीत होती ती यंत्राच्या 'वाढीव देखभाल योजने'ची वर्गणी. एका कारणासाठी दिलेले अधिकारपत्र दुसऱ्या कारणासाठी वापरले गेले, तर ग्राहकाने संमती दिलीच नव्हती असे म्हणण्यास जागा आहे, आणि ते म्हणणे नोंदवून घेऊन कंपनीच्या बँकेकडे विचारणा करणे हे आमचे काम होते.

पुढचे श्रेय त्या संस्थेचे हिशेब पाहण्यास मदत करणाऱ्या एका प्राथमिक शिक्षकांचे आहे. गुरुजींनी बाईंना दोन कामे करायला लावली. पहिले, अधिकारपत्र रद्द करण्याचा अर्ज आपल्याच बँकेला द्यायचा. अनेकांची समजूत अशी असते की, अधिकारपत्र केवळ कंपनीच रद्द करू शकते. तसे नाही. असे अधिकारपत्र ग्राहकाने दिलेल्या धनादेशाच्या बरोबरीचे मानले जाते. धनादेशाचे पैसे देऊ नका असे आपण बँकेला कळवू शकतो, तसेच हेही थांबवू शकतो. कंपनीला त्याची पूर्वसूचना द्यावी, पण तिच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दुसरे काम अगदी साधे होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, म्हणजेच पोच, घेतल्यावाचून खिडकीवरून हलायचे नाही. आमच्या लिपिकाने "ठेवून जा, होऊन जाईल" असे म्हटले होते. बाई हलल्या नाहीत. 14 डिसेंबरची पोच घेऊनच त्या गेल्या.

अर्ज आमच्याकडे ट्रेमध्येच पडून राहिला, आणि 5 जानेवारीला चौथ्यांदा 4,130 रुपये गेले.

आता येथे नियम काय आहे तो पाहा. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी एक परिपत्रक काढले. व्यवहार फसला तर तो किती दिवसांत दुरुस्त करायचा आणि विलंबाची भरपाई किती द्यायची, हे त्यात प्रत्येक प्रकारच्या व्यवहारासाठी ठरविलेले आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, ग्राहकाने अधिकारपत्र बँकेकडे रद्द केल्यानंतरही रक्कम नावे पडली, तर तिची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची. दुसऱ्याच दिवशीपर्यंत निराकरण झाले पाहिजे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई दिली पाहिजे. आमच्या शाखेने प्रथम अर्ज मिळालाच नाही असे सांगितले. बाईंनी पोच पुढे ठेवली. 24 जानेवारीला रक्कम परत जमा झाली आणि तिच्यासोबत अठरा दिवसांचे 1,800 रुपये जमा झाले. त्या नोंदीवर मान्यतेची सही मला करावी लागली. मी ती फारशा आनंदाने केली नाही, हेही सांगून टाकतो.

आधीच्या तीन रकमांचे काम सोपे नव्हते. कंपनीने देखभाल योजनेचा एक छापील अर्ज दाखविला. त्यावर आधीच्या कोषाध्यक्षांची एकटीची सही होती. संस्थेच्या ठरावाप्रमाणे मात्र कोणत्याही आर्थिक बांधिलकीला दोन सह्या लागत. ठरावाची प्रत, सहीच्या नमुन्याचे पत्र आणि कर्ज फिटल्याचा दाखला अशी तीन कागदांची जोड देऊन संस्थेने लेखी तक्रार केली. पाचव्या महिन्यात 12,390 रुपये परत आले. हळदीच्या व्यापाऱ्याने मात्र त्या संस्थेला पुन्हा उधारीवर माल दिला नाही. धनादेश परत का गेला, याची कथा ऐकून घेण्याचे त्याला काही कारण नव्हते.

दिवसांचा हिशेब

या प्रकरणात सही होती, अधिकारपत्र होते, वाद होता तो त्याच्या वापराचा. ज्या ठिकाणी संस्थेने काहीच संमती दिलेली नाही, कोणा भामट्याने संकेतशब्द चोरून किंवा यंत्रणेत शिरून पैसे नेले, तेथे वेगळा नियम लागतो, आणि तो दिवसांवर चालतो.

6 जुलै 2017 रोजी रिझर्व्ह बँकेने वाणिज्य बँकांसाठी आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला सहकारी बँकांसाठी ही चौकट घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने केव्हा कळविले याला महत्त्व नाही, तोशीस बँकेची. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, कोणा तिऱ्हाइताने यंत्रणा भेदली असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळविले तर ठराविक मर्यादेपर्यंतची झळ त्याला बसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू, रोख पत किंवा अधिकर्ष खात्यासाठी ही मर्यादा 10,000 रुपये ठेवण्यात आली, आणि अन्य मोठ्या चालू खात्यांसाठी 25,000 रुपये. व्यवहाराची रक्कम याहून लहान असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर मात्र त्या त्या बँकेच्या संचालक मंडळाने केलेले धोरण लागू होते. म्हणून प्रत्येक संस्थेने आपल्या बँकेचे सध्याचे धोरण लेखी मागून दप्तरात लावावे. ग्राहकानेच संकेतशब्द दुसऱ्याच्या हाती दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे.

दिवस मोजण्याचीही एक रीत आहे. संदेश मिळाला तो दिवस धरायचा नाही, आणि आपल्या मूळ शाखेच्या कामाचे दिवस तेवढेच मोजायचे. समजा, संदेश गुरुवारी आला आणि पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा आहे. मग शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. यात थोडी सवड दिसते खरी. पण दुसरी बाजूही पाहा. 1 ऑगस्ट 2021 पासून ही स्वयंचलित वसुली रविवारी आणि सणासुदीच्या दिवशीही चालू झाली आहे. संस्थेचे कार्यालय दिवाळीत आठ दिवस बंद असते. वसुली बंद नसते.

तक्रार केल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करावी, ती मूळ तारखेपासून धरावी, आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढावे, असे 2017 च्या चौकटीत सांगितले होते. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकण्यात आला. म्हणजे "तुमच्याच हातून काहीतरी झाले असेल" एवढे म्हणून शाखेला हात झटकता येत नाहीत. चोरीचा प्रकार असेल तर बँकेबरोबरच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी ती गोठविता येण्याचा संभव तासा-तासाने कमी होत जातो.

अमेरिकेतील व्यवस्थेचा एक दाखला या संदर्भात देण्यासारखा आहे. तेथेही अशीच स्वयंचलित वसुली चालते. व्यक्तीच्या खात्यातून संमतीवाचून रक्कम गेली तर तिला तक्रारीसाठी साठ दिवसांची मुदत मिळते. व्यापारी खात्याला मात्र ते संरक्षण नाही. त्याच्या बँकेने अशी रक्कम नियमाने परत पाठवायची ती कामकाजाच्या दुसऱ्या दिवसाच्या आत, आणि त्यामुळे व्यापाऱ्याला जवळपास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी ओरड करावी लागते. कायद्याची समजूत अशी की, धंदा करणारा माणूस आपला हिशेब रोज पाहतो. तिकडे दुकान किंवा हॉटेल चालविणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हा फरक माहीत असलेला बरा. आपल्याकडे लहान उद्योगाला त्यापेक्षा उदार वागणूक मिळाली आहे. पण रोज हिशेब पाहण्याची अपेक्षा येथेही आहेच.

आणि येथेच संस्थेच्या खात्याची खरी अडचण आहे. एकट्या दुकानदाराचा पैसा त्याचा स्वतःचा असतो. रात्री गल्ला मोजल्याशिवाय त्याला झोप येत नाही. संस्थेचे खाते सर्वांचे असते, म्हणून ते पाहण्याचे काम कोणाचेच नसते. अध्यक्षांना वाटते सचिव पाहत असतील, सचिवांना वाटते लेखापरीक्षक वर्षअखेरीस पाहतील. लेखापरीक्षक पाहतात तोपर्यंत तीन दिवस, सात दिवस आणि नव्वद दिवस, सगळ्याच मुदती संपलेल्या असतात. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी दिवेलागणीला रोजकीर्द मिळवून मगच दुकान बंद करीत. आज खातेउतारा हातातल्या फोनवर दिसतो, आणि तरीही तो पाहिला जात नाही.

सह्यांविषयीही एक शब्द. दोन सह्यांचा नियम आपण कागदावर पाळतो आणि संगणकावर मोडतो. पहिल्याने व्यवहार भरायचा व दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, अशी सोय व्यापारी खात्यात मिळते. पण दोघांचे संकेतशब्द एकाच वहीत लिहून ती वही संगणकचालकाच्या खणात ठेवलेली मी पाहिली आहे. ग्रामपंचायतीत सरपंच आणि सचिव यांच्या डिजिटल स्वाक्षरीच्या चकत्याही एकाच डब्यात सापडतात. उद्या रक्कम गेली आणि बँकेने निष्काळजीपणाचा आक्षेप घेतला, तर त्याला उत्तर देणे कठीण जाईल.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रक्कम रास्त आहे, देणे खरे आहे, पण या महिन्यात द्यायची नाही, म्हणून तक्रार करायची किंवा खात्यातली शिल्लक आधीच काढून घ्यायची, असा सल्ला काही हुशार मंडळी देतात. तो मानू नये. 2007 च्या देयक व समाशोधन प्रणाली अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे शिल्लक अपुरी असल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली आणि नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर धनादेश न वटण्यासारखाच तो गुन्हा ठरू शकतो. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्याची शिक्षा आहे. हप्ता जड जात असेल तर कंपनीकडे मुदत मागावी.

शाखेने दाद दिली नाही तर? लेखी तक्रारीनंतर तीस दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 12 नोव्हेंबर 2021 पासून सर्व देशासाठी एकत्रित योजना सुरू झाली. तिच्यामुळे आपली बँक कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते हे शोधण्याचा त्रास उरला नाही. अर्जाला शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोव्हेंबर 2025 पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही लोकपालाच्या कक्षेत आणल्या गेल्या. पतसंस्था त्यात येत नाहीत. त्यांच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडेच न्यावी लागते.

अर्जात काय लिहावे, असे मघाशी एका भगिनींनी विचारले. खाते क्रमांक, रक्कम गेल्याची तारीख, उताऱ्यावरची नोंद जशीच्या तशी, अधिकारपत्र असल्यास त्याचा क्रमांक, आणि एक स्पष्ट वाक्य: या रकमेस संस्थेची संमती नव्हती, अथवा संमती होती ती अमुक कारणापुरती व अमुक तारखेपर्यंत होती. राग, आरोप, लिपिकाचे वर्तन हे सारे त्यातून वगळावे. फोनवर तक्रार केली तर तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी, आणि त्याच दिवशी कागदही द्यावा.

त्या मसाला संस्थेत आता फळ्यावर पाळी लावलेली असते. ज्या भगिनीची पाळी असेल तिने रोज सकाळी यंत्र सुरू होण्यापूर्वी खातेउतारा उघडून शिल्लक वहीत लिहायची आणि न ओळखीची नोंद दिसली तर तिच्याखाली तांबडी रेघ ओढायची. गेल्या वर्षी मी सहज तेथे गेलो होतो, तेव्हा वहीत एक तांबडी रेघ होती. चौकशीत ती बँकेनेच चुकून दोनदा आकारलेल्या धनादेश पुस्तकाच्या शुल्काची निघाली. रक्कम लहान होती. त्याच दिवशी अर्ज गेला होता, आणि पोच वहीला टाचलेली होती.